कुकरमधलं नाताळचं पुडिंग



शेतातून आत्ताच आला असाल, जरा पाठ टेकली असेल, तर तशाच आरामात ऐका. आज बचतीची वही नको, कर्जाचे हप्ते नकोत. आज मी एक गोड पदार्थ सांगणार आहे. ब्रेडचं पुडिंग. नाव ऐकून घाबरू नका. त्याला ओव्हन लागत नाही, शहरातून काही आणावं लागत नाही. घरातला कुकर आणि त्यात वरण लावायचा डबा, एवढ्यात होतं. नाताळ आठ दिवसांवर आलाय, म्हणून मुद्दाम आज सांगते.

पण आधी माझी एक चूक सांगते. हा पदार्थ मला त्या चुकीमुळंच शिकायला मिळाला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरची मासिक बैठक कधी घ्यायची, म्हणून मी कॅलेंडर बघत होते. २५ तारखेला बँकेला सुट्टी, शाळेला सुट्टी, म्हणजे सगळ्यांना सोयीचं. मी वहीत लिहून टाकलं, '२५ डिसेंबर, सुट्टी, दुपारी २ वाजता बैठक.' सगळ्या आल्या. आमच्या गटात बारा जणी आहेत. त्यातली एक ख्रिस्ती आहे. तीही वेळेवर आली, बचत भरली, सही केली, कोपऱ्यात बसली. बैठक उठताना एकीनं तिच्या साडीकडं बघून विचारलं, "काय गं, आज नवी साडी? कुठं लग्नाला निघालीस का?"

ती म्हणाली, "नाही बाई. आज नाताळ आहे ना. सकाळी चर्चला जाऊन आले."

आमच्यापैकी कुणालाच काही बोलता येईना. दहा वर्षं ती आमच्यात आहे. दिवाळीचा फराळ आमच्या घरी खाते, संक्रांतीला तिळगूळ घेते. आणि तिच्या सणाच्या दिवशी मी बैठक लावली होती. ती नाही म्हणाली असती तर मी तारीख बदलली असती, हे खरं. पण तिनं सांगायची वेळच का यावी? आमच्यासाठी ती सुट्टी होती, तिच्यासाठी सण होता.

शेवटी आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू म्हणाल्या, "संध्याकाळी येऊ का गं तुझ्याकडं?" ती जरा अडखळली. त्या वर्षी तिच्या मालकांचं ऑपरेशन झालं होतं, हातात पैसा नव्हता. म्हणाली, "या की. पण यंदा करंज्या-शंकरपाळ्या काही केल्या नाहीत हं."

आम्ही नऊ जणी गेलो. घरात होता दोन दिवसांचा ब्रेड, अर्धा लिटर दूध आणि घरच्या कोंबड्यांची अंडी. तेवढ्यावर तिनं आमच्यासमोर कुकर लावला. तिची आई मिशनच्या दवाखान्यातल्या स्वयंपाकघरात कामाला होती, तिच्याकडून ही शिकलेली. पुडिंग शिजायला आणि निवायला वेळ लागतो. तोवर आम्ही सतरंजीवर बसून गप्पा मारल्या. तिच्या घरात अशा निवांत आम्ही पहिल्यांदाच बसलो होतो.

आमच्या नगर जिल्ह्यात नाताळ काही नवा नाही. अमेरिकन मराठी मिशननं नगरला १८३१ मध्ये काम सुरू केलं, तेव्हापासून इथं ख्रिस्ती घरं आहेत. त्यांच्या नाताळच्या फराळात करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या असतात, आपल्या दिवाळीसारख्याच. आणि गंमत बघा, 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आणि 'पाव' हाही तिथूनच आला. दोन्ही आता आपलेच झालेत.

पुडिंगही मुळात शिळ्याचं सोनं करायचाच प्रकार. इंग्लंडातल्या बायका वाळलेला ब्रेड टाकून न देता दुधात भिजवून गोड करायच्या. आपण शिळ्या चपातीचा गूळ-तूप घालून लाडू करतो, उरलेल्या भाकरीचा कुस्करा करतो, भाताला फोडणी देतो. तेच हे.

आता वही-पेन घ्या. हे प्रमाण सहा-सात जणांचं आहे.

ब्रेडचे सहा काप घ्यायचे. ब्रेड नसला तर चार-पाच पाव चालतील. अर्धा लिटर दूध, तीन अंडी, अर्धी वाटी साखर. लाल साखरेसाठी वेगळी चार चमचे साखर. एक चमचा तूप, चार वेलदोड्यांची पूड, थोडं किसलेलं जायफळ, चिमूटभर मीठ आणि असल्या तर मूठभर मनुका. डबा साधारण दीड लिटरचा हवा.

पहिलं काम लाल साखरेचं. कोरड्या डब्यात चार चमचे साखर आणि एक चमचा पाणी घालून मंद गॅसवर ठेवा. चमच्यानं ढवळू नका, डबा सांडशीनं धरून हलवा. साखर विरघळेल, मग मधासारखी होईल, मग कोऱ्या चहाच्या रंगाची. त्या रंगाला लगेच उतरवा. धूर आला की कडू झाली समजा. उतरवल्यावर डबा फिरवून ती तळभर पसरवा. एक सांभाळा, ही साखर उकळत्या पाण्यापेक्षाही जास्त भाजते आणि कातडीला चिकटते. तेवढी पाच मिनिटं मुलांना स्वयंपाकघरात येऊ देऊ नका.

दुसरं काम दुधाचं. दूध तापवून त्यात अर्धी वाटी साखर आणि मीठ विरघळवा आणि निवू द्या. बोट बुडवलं तर कोमट लागलं पाहिजे. अंडी एकेक करून आधी वाटीत फोडा. एखादं खराब निघालं तर बाकीची वाचतात. घरच्या कोंबड्यांची अंडी किती दिवसांची आहेत हे आठवत नसेल तर पाण्यात टाकून बघा. ताजं अंडं तळाला आडवं बसतं. वर तरंगलं तर वापरू नका. अंडी चमच्यानं नुसती एकजीव करा, फेस काढू नका. मग त्यात कोमट दूध थोडं थोडं घालत ढवळा आणि चाळणीनं गाळून घ्या. वेलची-जायफळ घाला.

तिसरं काम ब्रेडचं. कापांना एका बाजूनं तूप लावा, हातानं तुकडे करा आणि लाल साखरेवर डब्यात पसरा. मध्ये मध्ये मनुका टाका. वरून दूध ओता, चमच्यानं हलकं दाबा आणि वीस मिनिटं तसंच राहू द्या. ब्रेडनं दूध पोटभर प्यायला पाहिजे. कडा काढल्या असतील तर त्या वाळवून चुरा करा, कटलेटला उपयोगी येतो.

आता कुकर. तळाला जाळी ठेवा, डब्याच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत पाणी घाला. डब्यावर घट्ट झाकण ठेवा, नाहीतर वाफेचं पाणी पुडिंगवर ठिबकतं. कुकरचं झाकण लावा, पण शिटी लावू नका. वाफ बाहेर यायला लागली की गॅस अगदी बारीक करून चाळीस मिनिटं ठेवा. चूल असेल तर जाळ ओढून घ्या आणि निखाऱ्यावर शिजू द्या. चाळीस मिनिटांनी गॅस बंद करा, वाफ गेल्यावर झाकण काढा आणि सुरी बरोबर मधोमध खुपसा. कोरडी आली तर झालं. ओलं दूध चिकटलं तर कुकरमध्ये थोडं गरम पाणी वाढवून आणखी दहा मिनिटं ठेवा. कडेला झालं आणि मध्ये कच्चं, असं अंडं पोटात जाऊ देऊ नका.

तासभर निवू द्या. मग कडेनं सुरी फिरवा, वर ताट ठेवा आणि डबा उलटा करा. तळाची लाल साखर पाक होऊन वरून ओघळते. त्या दिवशी आमच्या काकूंनी हे बघून "अगं बाई!" म्हणून टाळीच वाजवली.

आता माझ्या हातून काय काय बिघडलं ते सांगते, म्हणजे तुमचं बिघडणार नाही.

पहिल्यांदा मी घाईत गरम दूध अंड्यात ओतलं. अंड्याचे गोळे झाले, गोड भुर्जीच म्हणा. म्हणून दूध कोमटच पाहिजे. दुसऱ्या वेळी लवकर व्हावं म्हणून शिटी लावली आणि गॅस मोठा केला. पुडिंगला जाळी पडली आणि पाणी सुटलं. याला घाई चालत नाही.

तिसऱ्या वेळी ब्रेडच्या दोन कापांवर हिरवट ठिपके होते. म्हटलं, तेवढा कोपरा काढून टाकू, पैसे कशाला वाया घालवायचे? ती मैत्रीण शेजारीच होती. तिनं माझा हात धरला. म्हणाली, "ताई, वाळलेला ब्रेड चालतो, बुरशीचा नाही." तिचं बरोबर होतं. ब्रेड मऊ असतो, बुरशीचे धागे दिसतात त्याच्यापेक्षा खूप आत गेलेले असतात. काट छाट करून तो चांगला होत नाही, शिजवूनही भरवसा नाही. शिळं वेगळं आणि खराब वेगळं. वाळून कडक झालेला ब्रेड पुडिंगला उत्तम, उलट दूध जास्त पितो. पण ठिपका दिसला, आंबट वास आला, हाताला चिकट लागला, तर अख्खा पुडा टाकून द्या. काटकसर पैशाची करायची, पोराबाळांच्या पोटाची नाही.

टिकण्याचंही सांगते. दूध-अंड्याचा पदार्थ आहे. फ्रिज असेल तर निवल्यावर झाकून आत ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. फ्रिज नसेल तर जेवणाच्या आधी करा आणि त्याच जेवणात संपवा. थंडी आहे म्हणून रात्रभर बाहेर ठेवू नका. एका गटानं मला विचारलं, हे करून बाजारात विकू का? मी म्हटलं, विकायचं तर आधी अन्न सुरक्षेची नोंदणी पाहिजे, आणि उन्हात ठेवायचा हा माल नव्हे. विकायला आपले लाडू, शेवया, पापड बरे. हे घरच्या माणसांसाठी.

आता अंडं न खाणाऱ्यांचं काय? तेही सांगायचंच आहे, कारण त्यामागंही एक गोष्ट आहे.

त्या नाताळच्या संध्याकाळी आमच्यातल्या दोघी माळकरी होत्या. त्यांनी पुडिंग घेतलं नाही, नुसता चहा घेतला. कुणी काही बोललं नाही, पण तिच्या मनाला ते लागलं असणार. कारण पुढच्या वर्षी आम्ही गेलो तर ओट्यावर दोन भांडी होती. एक नेहमीचा डबा. दुसरं नवं कोरं पातेलं. म्हणाली, "काकू, ह्या भांड्यात अंडं कधी गेलेलं नाही. हे तुमच्या दोघींसाठी." आम्ही तिचा सण विसरलो होतो, आणि तिनं आमच्यातल्या दोघींची माळ लक्षात ठेवली होती.

ते बिनअंड्याचं असं करतात. ब्रेडचे पाच-सहा काप तव्यावर थोड्या तुपात खरपूस भाजून पातेल्यात लावायचे. अर्धा लिटर दुधातलं वाटीभर गार दूध बाजूला काढून त्यात तीन मोठे चमचे कस्टर्ड पावडर कालवायची, गुठळी राहू द्यायची नाही. पुड्यावर हिरवा ठिपका आहे ना, ते बघून घ्यायचं. उरलेलं दूध अर्धी वाटी साखर घालून उकळायचं, मग ही कालवलेली पावडर धार धरून घालायची आणि ढवळत राहायचं. तीन-चार मिनिटांत दाट होतं. गरम असतानाच ब्रेडवर ओतायचं, वर मनुका आणि वेलची, आणि थंड होऊ द्यायचं. याला कुकर लागत नाही. उलटं करून पडत नाही, चमच्यानं वाढायचं.

खर्चाचं म्हणाल, तर आम्ही वहीत मांडून बघितलं. अंडी घरची धरली तर सव्वाशेच्या आत सात जणांचं गोड होतं. आणि कुकर लावला की बाईला शेजारी उभं राहावं लागत नाही, तिलाही बसून चार शब्द बोलता येतात. सणाच्या दिवशी तेही पाहिजेच की!

यंदा आमची डिसेंबरची बैठक २७ तारखेला आहे. २५ ला आम्ही तिच्याकडं जाणार. यंदा सामान तिचं एकटीचं नाही. कुणी दूध नेणार, कुणी अंडी, कुणी ब्रेड, आणि मी साखर. आणि आमच्या बैठकीच्या वहीत आता पहिल्याच पानावर एक यादी आहे. कुणाचा नाताळ, कुणाची ईद, कुणाची बुद्धपौर्णिमा, कुणाचा कोणता उपास, कोण माळकरी. तारीख ठरवायच्या आधी मी ते पान उघडते.

तुमच्या गटाच्या वहीत असं पान आहे का, बघा. नसेल तर पुढच्या बैठकीत करा. आणि पुडिंग कसं झालं, जमलं की बिघडलं, ते केंद्रावर नक्की कळवा. बिघडलं तर आधी कळवा!

नाताळच्या सगळ्यांना शुभेच्छा. नमस्कार.