करार दिल्ली-टोकियोत, रूळ आपल्या शिवारात

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, “तू सॉफ्टवेअरवाली, कॉम्प्युटरबद्दल काहीतरी बोल.” पण आज इथे जमलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरापर्यंत पोचलेला एक विषय मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो म्हणजे भारत आणि जपान यांची मैत्री. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ‘परराष्ट्र धोरण’ हा धडा शेवटी असायचा आणि परीक्षेला दोन-चार गुणांपुरता यायचा. आपण तो सोडून द्यायचो. आता तोच धडा आपल्या शिवारातून रुळांवरून निघालाय.

आपण शिकलो तेव्हा आपला जिल्हा ठाणे होता, आता पालघर आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या 508 किलोमीटरपैकी 156 किलोमीटर महाराष्ट्रात आहेत. विरार आणि बोईसर ही दोन स्टेशनं आपल्याच जिल्ह्यातली. आपल्यापैकी काहींच्या घरची जमीन त्यात गेली आहे. म्हणून या मैत्रीकडे नुसतं टाळ्या वाजवून किंवा नुसतं नाक मुरडून बघून चालणार नाही, हिशोब मांडून बघायला हवं.

ही मैत्री सरळ रेषेत वाढलेली नाही. मे 1998 मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या. आपण नुकतेच बारावी होऊन निकालाची वाट बघत होतो. अणुबाँबची झळ सोसलेल्या जपानने भारताला नवी कर्जं देणं थांबवलं. संबंध पार गोठले.

पुढच्याच वर्षी एक घटना घडली. ऑक्टोबर 1999 मध्ये इंडोनेशियातून ॲल्युमिनियम घेऊन जपानकडे निघालेलं ‘अलोंड्रा रेनबो’ नावाचं जपानी मालकीचं जहाज चाच्यांनी पळवलं. त्यातल्या सतरा खलाशांना त्यांनी समुद्रात सोडून दिलं. थायलंडच्या मच्छीमारांनी त्यांना वाचवलं. चाच्यांनी जहाजाचं नाव बदललं, पण नोव्हेंबरमध्ये आपल्या तटरक्षक दलाने आणि नौदलाने ते अरबी समुद्रात पकडलं आणि मुंबईला आणलं. चाच्यांवर खटलाही मुंबईतच चालला. ज्या देशाने आपली मदत गोठवली होती, त्याचंच जहाज आपण सोडवलं होतं. 2000 साली जपानचे पंतप्रधान मोरी भारतात आले आणि त्याच वर्षापासून दोन्ही तटरक्षक दलांचे संयुक्त सराव सुरू झाले. 2001 मध्ये जपानने निर्बंध उठवले. त्यामागे इतरही कारणं होतीच. पण भाषणांनी न होणारं काम कधीकधी एका जहाजाने होतं.

जपानला याची गरज का वाटते? त्याचं बहुतेक तेल आखाती देशांतून येतं, म्हणजे आपल्या दारावरून, हिंदी महासागरातून. 2010 मध्ये सेनकाकू बेटांच्या वादात चीनकडून जपानला होणारा दुर्मिळ खनिजांचा पुरवठा अडला. मोटारी आणि इलेक्ट्रॉनिक्स बनवणाऱ्या देशाचा घसाच कोरडा पडला. दोनच वर्षांत, 2012 मध्ये, जपानने अशा खनिजांसाठी भारताशी करार केला. सगळा माल एकाच दुकानातून आणू नये, हे आपली आईसुद्धा सांगायची.

आपली बाजूही तशीच. लडाखची सीमा आणि समुद्र, दोन्हीकडे आपल्याला सोबती हवा आहे. 2008 मध्ये दोन्ही देशांनी सुरक्षा सहकार्याचं संयुक्त निवेदन काढलं. 2015 पासून जपान मलबार नौदल सरावात कायमचा भागीदार झाला. 2020 मध्ये सैन्यांनी एकमेकांना इंधन, अन्न, पाणी, वाहतूक पुरवण्याचा करार झाला. पण ही लष्करी युती नव्हे. उद्या एकावर हल्ला झाला तर दुसऱ्याने धावून आलंच पाहिजे, असं कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही.

मतभेदही आहेत, आणि ते लपवलेले नाहीत. युक्रेन युद्धानंतर जपानने रशियावर निर्बंध घातले, आपण घातले नाहीत. आरसेप या व्यापार करारात जपान गेला, आपण 2019 मध्ये बाहेर राहिलो. 2017 मध्ये अणुऊर्जा करार अमलात आला. अण्वस्त्रप्रसारबंदी करारात नसलेल्या देशाशी जपानने केलेला तो पहिलाच. तरीही भारताने पुन्हा चाचणी केली तर सहकार्य थांबवू, ही भूमिका त्यांनी लेखी नोंदवून ठेवली. माझ्या कामात मला हे ओळखीचं वाटतं. दोन यंत्रणा जोडताना चांगला अभियंता आधी विचारतो, “जोडणी तुटली तर काय करायचं?” हा प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. त्यामुळेच जोडणी टिकते.

आता या कराराचा माझ्या पगारपत्रकाशी आलेला संबंध सांगते. आमच्या क्षेत्रात जपानला दोन-तीन वर्षांसाठी जाणाऱ्याची पूर्वी तिथेही पेन्शनची कपात व्हायची, आणि इथलं पीएफचं खातंही चालूच असायचं. 2012 मध्ये सामाजिक सुरक्षेचा करार झाला, तो 1 ऑक्टोबर 2016 पासून लागू झाला. पाच वर्षांपर्यंत पाठवलेल्या कर्मचाऱ्याने इथलं प्रमाणपत्र दाखवलं की तिथली कपात टळते. 2018 मध्ये मी टोकियोला गेले तेव्हा तो कागद माझ्या फाइलमध्ये होता. वर्तमानपत्रात या कराराला दोन ओळीही मिळाल्या नसतील. पण माझ्यासारख्यांच्या महिन्याच्या पगारावर त्याचा परिणाम झाला.

आता हिशोबाची दुसरी बाजू. 2011 पासून मुक्त व्यापार करार आहे, पण 2023-24 च्या सुमारे 23 अब्ज डॉलरच्या व्यापारात आपली निर्यात जेमतेम 5 अब्जांच्या आसपास होती. बाकी सगळं आपणच विकत घेतलं. बुलेट ट्रेनचा मूळ अंदाज सुमारे 1 लाख 8 हजार कोटींचा, त्यातला मोठा वाटा जपानच्या कर्जाचा. व्याज फक्त 0.1 टक्के, मुदत 50 वर्षं. ऐकायला स्वस्त आहे. पण परतफेड येनमध्ये आहे, म्हणजे येन महागला की आपला हप्ताही वाढतो. आणि शेवटचा हप्ता फेडायला आपल्यापैकी कोणी नसेल, आपली नातवंडं असतील. 2023 ची मूळ मुदतही उलटून गेली. एक कारण म्हणजे जमीन. आपल्या भागातल्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले होते. कुणी त्याला अडथळा म्हणालं. मी त्याला प्रश्न म्हणते. ज्याच्या शेतातून रूळ जातो, त्याने “यात माझं काय?” असं विचारलं तर ते मैत्रीच्या विरोधात नाही. दिल्ली आणि टोकियो एकमेकांना शंभर अटी घालतात, मग शेतकऱ्याने दोन घातल्या तर बिघडलं कुठे?

मोबदल्याचा चेक एकदाच येतो. तो पैसा घरात, गाडीत, लग्नात जातो. टिकतं ते कौशल्य. ऑगस्ट 2025 मध्ये टोकियोत ठरलं की पाच वर्षांत दोन्ही देशांतून पाच लाख माणसांची ये-जा व्हावी, आणि त्यात भारतातून पन्नास हजार कुशल माणसं जपानला जावीत. जपान म्हातारा होतोय, त्याला नर्स, वेल्डर, तंत्रज्ञ, प्रोग्रामर हवेत. या पन्नास हजारांत आपल्या तालुक्यातली किती असतील? रूळ आपल्या शेतातून गेले आणि गाडी दुरुस्त करणारे हात दुसरीकडून आले, तर आपण फक्त जमीन दिली असं होईल.

म्हणून माझा एक प्रस्ताव आहे. या मेळाव्यातून जो निधी उरेल, त्यातून नववी-दहावीच्या मुलामुलींसाठी शनिवारी जपानी भाषेचा वर्ग सुरू करूया. मी पहिलं वर्ष ऑनलाइन शिकवायला तयार आहे. हिरागाना आणि काताकाना, दोन्ही मिळून 92 अक्षरं. बाराखडी पाठ केलेल्या पोरांना ती अवघड नाहीत. बाई आणि सर, तुमच्याकडून मला एक वर्गखोली आणि हजेरीपट हवा आहे. हजेरी तुम्ही घ्याल तर पोरं दांडी मारणार नाहीत, हे आम्ही अनुभवाने सांगतो.