पदकाच्या कडेवर गाव नसते



बिदर जिल्ह्यातल्या खटकचिंचोळीत भरलेल्या स्थानिक इतिहासाच्या या संमेलनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत. अध्यक्षाने भाषेवर आणि सीमाप्रश्नावर बोलावे अशी अपेक्षा असते. मी आज फौजी माणसांवर बोलणार आहे. रणांगणावरच्या शौर्यासाठी पदक मिळालेली आपल्या भागातली माणसे कोण होती, कुठल्या गावची होती, आणि ती शोधायची कशी, हा माझा विषय आहे. हे काम आपणच करायला हवे, बाहेरच्या अभ्यासकाला ते जमणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

नाव सापडणे हे या कामातले सोपे टोक आहे. इंग्रजी अमदानीत शिपायांना मिळणारी मोठी पदके तीन. १८३७ पासूनची इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, १९०७ ची इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल आणि १९१६ ची मिलिटरी मेडल. त्यांच्याही वर व्हिक्टोरिया क्रॉस. मिलिटरी मेडल हातात घेऊन उजेडात तिरपे धरा. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला रणांगणावरील शौर्यासाठी अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे. मग नाणे उभे करावे तसे पदक उभे करा आणि कडेवरून बोट फिरवा. तिथे बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. गाव नसते. इंग्रज शिपायाला हेच पदक मिळाले, तर पहिल्या महायुद्धाच्या उत्तरार्धात गॅझेटमध्ये बहुधा त्याच्या नावापुढे गावही छापले जाई. आपल्या माणसाची ओळख मात्र पलटणीपाशी थांबते. तिथून पुढे शोध आपल्यालाच घ्यावा लागतो.

पंजाबात हे काम पुष्कळ पुढे गेले आहे. पहिल्या महायुद्धात गेलेल्या शिपायांची गाववार रजिस्टरे लाहोरच्या संग्रहालयात वर्षानुवर्षे पडून होती. २०२१ मध्ये सुमारे ३,२०,००० नोंदी लोकांसाठी खुल्या होऊ लागल्या आणि परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांना आपला पणजोबा गावासकट सापडू लागला. साताऱ्याच्या अपशिंग्यात स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण पडले, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. इंग्रजी मुलखातल्या कितीतरी गावांत संगमरवरी पाट्या बसल्या. त्यांवर गावातून किती गेले आणि किती कामी आले एवढेच कोरलेले असते, पण निदान आकडा तरी आहे. आपण निजामाच्या मुलखात होतो. आपल्या हाती तसे तयार रजिस्टर नाही.

त्यात आपला भूगोल बदलला. १९५६ पूर्वीच्या कागदावर ‘जिल्हा बिदर’ असे दिसले, की आपण चटकन आपला माणूस म्हणतो. पण तेव्हाच्या बिदर जिल्ह्यात उदगीर, अहमदपूर आणि निलंगा होते, जहिराबाद आणि नारायणखेडही होते. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा फुटला. उदगीर, अहमदपूर, निलंगा तेव्हाच्या उस्मानाबादेत गेले आणि १९८२ पासून लातुरात आहेत. जहिराबाद, नारायणखेड आज तेलंगणात आहेत. म्हणजे बिदरचा म्हणून नोंदलेला शिपाई आज तीनपैकी कोणत्याही राज्यातला निघू शकतो. आणि गाव ‘चिंचोली’ एवढेच लिहिले असेल तर? कलबुर्गीकडे चिंचोली नावाचा आख्खा तालुका आहे, मराठवाड्यात तर चिंचोल्या मोजाव्या तेवढ्या थोड्या. इंग्रज कारकुनाला आपली खटकचिंचोळी आणि दुसरी कुठली चिंचोली यांतला फरक कळायचे कारण नव्हते. तो इथल्या पाटील-कुलकर्ण्यांच्या घरांना कळतो, आडनावांवरून कळतो, कुणाची सोयरीक कुठे झाली यावरून कळतो.

नावांच्या लेखनाचाही घोळ आहेच. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या नामदेव जाधवांचे आडनाव इंग्रजीत तीन-तीन तऱ्हांनी लिहिलेले आढळते. ते संगमनेर तालुक्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनिओ नदीवर ते कंपनी कमांडरचे रनर होते. शत्रूच्या माऱ्यात दोन जखमी साथीदारांना त्यांनी खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून एकेक करून मागे आणले. पुन्हा पुढे जाऊन मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली. हाताला गोळी लागली, बंदूक धरता येईना, तेव्हा ती टाकून हातगोळे फेकले. ठाणी थंडावल्यावर बांधाच्या माथ्यावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्यांना हात करून बोलावले. शौर्यपदकासाठी केलेल्या शिफारशीत एवढे सगळे असते. दुसऱ्या महायुद्धातल्या अशा शिफारशी लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आपल्या भागातल्या एखाद्या नायकाची, हवालदाराची अशी शिफारस तिथे असेल, तर ती मराठीत आणि कन्नडमध्ये त्याच्या गावात वाचली जावी, ही माझी तळमळ आहे.

जाधव घरी परतले, १९८४ पर्यंत जगले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे परतले नाहीत. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. मशीनगनच्या ठाण्यावर ते एकटेच धावून गेले. टॉमीगनमधल्या गोळ्या संपल्या, मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, म्हणून बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवले आणि लगेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. त्यांची कबर नाही. कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे आणि माणगावात पुतळा आहे.

सीमेवरचेच उदाहरण हवे तर कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे पाहा. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरीच्या रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. पहिल्याच दिवशी तोफगोळ्यांनी त्यांची दोन माणसे गेली, खुद्द राण्यांसह पाच जण जखमी झाले, तरी काम थांबले नाही. जिवंतपणी परमवीर चक्र मिळालेले ते पहिले. चेंडिया तेव्हा मुंबई प्रांतात होते आणि १९५६ च्या त्याच १ नोव्हेंबरला म्हैसूर राज्यात गेले. राणे आमचे की तुमचे, यावर मी एक वाक्यही खर्च करणार नाही. ते चेंडियाचे.

हा शोध फक्त मराठा पलटणीत घेऊन भागणार नाही. पहिल्या महायुद्धातल्या मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या होत्या. महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली होती. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली, आणि महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावात पुन्हा घडली. निजामाची स्वतःची फौज वेगळी. ८ डिसेंबर १९४१ ला मलायात कोटा बारूला जपानी उतरले तेव्हा तिथल्या विमानतळाच्या राखणीला हैदराबादचीच पायदळ पलटण होती. १९४८ नंतर, रझाकारांनी गोरटा गावात केलेल्या कत्तलीची जखम ओली असताना, आपण निजामाच्या फौजेत होतो असे सांगायला माणूस कचरला असेल, तर ते समजण्यासारखे आहे. आता त्याच्या नातवंडांना आपण विश्वासाने विचारू या. तो मलायात जपान्यांशी लढला, हे रझाकारांच्या पापाच्या खात्यात जमा होत नाही.

घरोघरी विचारताना एक सावधगिरी बाळगा. आजोबांचा बिल्ला म्हणून जे दाखवतात, ते बहुतेकदा मोहिमेचे पदक असते. पहिल्या महायुद्धातले चांदीचे, घोडेस्वाराचे पदक मोहिमेवर गेलेल्या प्रत्येक शिपायाला मिळाले आहे. ते शौर्यपदक नाही, हे नम्रपणे सांगा आणि तरीही त्याची नोंद घ्या, कारण कडेवरच्या नंबरावरून माणूस सापडतो. डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, १९५४ ची खासरा पाहणी, जमिनीचे उर्दू आणि मोडी दस्त सगळे पाहा. फसली सालात ५९० मिळवा. १३२६ फसली म्हणजे १९१६-१७, ऐन महायुद्धाचा काळ. पदक घरातून हलवू नका. दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो काढा, बाकी वस्तू त्या घराचीच. आणि कागदावर पुरावा असल्याशिवाय कुणालाही वीरचक्राचा मानकरी ठरवू नका. गावात फलक लागला की चूक दुरुस्त करणे फार अवघड जाते.

दुपारच्या सत्रात उर्दू आणि मोडी वाचणारे जाणकार शाळेच्या पहिल्या वर्गखोलीत बसणार आहेत. ज्यांच्या घरी फौजेचा एकही कागद असेल, त्यांनी तो जेवणानंतर घेऊन यावा. आधी खटकचिंचोळीचे कागद पाहू, मग शेजारच्या गावांचे.