शिष्यवृत्ती वेळेवर हवी



१९१३ साली बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत शिकायला गेले, ते सयाजीराव महाराजांनी तीन वर्षांसाठी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. ‘दरमहा’ या शब्दाचे मोल ध्यानी घ्या.

आज आदिवासी संशोधकांसाठी केंद्र सरकारची अधिछात्रवृत्ती आहे. दरवर्षी ७५० जागा. समजा, किनवटच्या डोंगरातली एखादी कोलाम मुलगी नांदेडच्या विद्यापीठात पीएच.डी.ला बसली, निवडलीही गेली. पण रक्कम सहा महिने रखडली. खानावळ थांबत नाही, घरभाडे थांबत नाही. थांबतो तो प्रबंध. आणि एकदा मजुरीला गेलेला हात पुन्हा लेखणीकडे वळेलच असे नाही.

म्हणून विद्यापीठांनी स्वतःच्या निधीतून दरमहा उचल द्यावी आणि सरकारी रक्कम आली की ती वळती करून घ्यावी. हा उपकार नव्हे. हक्क वेळेवर पोचवणे एवढेच हे काम आहे.