जहाजाच्या नजरेत आपली होडी



आम्ही भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तनच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या बचत गटातल्या 9 जणी. कुणी मासळी विकते, कुणी बोंबील सुकवते, कुणाचा नवरा होडीवर, कुणाचा मुलगा. गेल्या पावसाळ्यात आम्ही एक वेगळंच काम केलं. रेझिनचं मालवाहू जहाज तयार केलं आणि रंगवलं. म्हणजे खरं जहाज नव्हे, त्याची छोटी प्रतिकृती. आज त्या कामाबद्दल सांगणार आहोत. आणि त्या कामाने आमचे डोळे कसे उघडले, तेही.

तुम्हाला माहीत असेल, 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ असतो तो. होड्या वर ओढून शाकारून ठेवायच्या, जाळी विणायची आणि जपून खर्च करायचा. बाईच्या टोपलीत विकायला काही नसतं. अशात आमच्यातल्या एकीच्या लेकीने काम आणलं. ती भाईंदर पूर्वेला एका छोट्या कारखान्यात जाते. तिथे रेझिनच्या वस्तू ओततात. खलाशांना शिकवणाऱ्या एका संस्थेला जहाजाचं मॉडेल हवं होतं. ओतीव भाग कारखाना देणार, घासून, जोडून, रंगवून आपण द्यायचं.

आधी माप समजून घेऊ. आमचं मॉडेल 400 पटींनी लहान होतं. खरं जहाज 200 मीटर लांब, मॉडेल 50 सेंटिमीटर. म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्यावर मावेल एवढं. या मापात माणूस असतो 4 मिलिमीटरचा, गव्हाच्या दाण्याहूनही बुटका. हे माप लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता रेझिन म्हणजे काय? दोन बाटल्यांत दोन पातळ पदार्थ असतात. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, काट्यावर तोलून ते एकत्र करायचे आणि सिलिकॉन रबरच्या साच्यात ओतायचे. काही मिनिटांत ते गरम होतं आणि घट्ट होतं. जहाजाचं मोठं अंग कारखान्यातूनच आलं. वरचे कंटेनर मात्र आम्हीच ओतले. 40 फुटी कंटेनर या मापात 3 सेंटिमीटर लांब होतो आणि साधारण 6 मिलिमीटर रुंद. असे शंभरावर ओतले.

पहिले 20 कंटेनर जाळीदार निघाले, घावनासारखे. कारण पावसाळी हवा. या रेझिनला ओल चालत नाही, ओल लागली की त्यात बुडबुडे येतात. मग आम्ही शिकलो. बाटलीचं झाकण लगेच घट्ट लावायचं, साचा हेअर ड्रायरने कोरडा करायचा आणि पाऊस धरलेला असेल त्या दिवशी ओतायचंच नाही.

मैत्रिणींनो, एक गोष्ट मात्र पदराला गाठ मारून ठेवा. हे काम चुलीपाशी करायचं नाही. ओतताना खिडक्या उघड्या हव्यात, हातात मोजे हवेत, आणि वाफेसाठीचा फिल्टर असलेला मास्क हवा. साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही. गरोदर बाई आणि लहान मूल त्या खोलीत नको. दमा असेल तिने तर या कामाला हातच लावू नये. घासायचं तेही वॉटर पेपर पाण्यात बुडवून, म्हणजे धूळ उडत नाही. आमच्यातल्या दोघींनी पहिल्या दिवशी सुकंच घासलं आणि रात्रभर खोकल्या. तेव्हापासून घमेल्यात पाणी घेतल्याशिवाय कुणी बसलं नाही. आणि उरलेलं पातळ रेझिन मोरीत किंवा खाडीत ओतायचं नाही. घट्ट झाल्यावरच कचऱ्यात टाकायचं. ज्या पाण्यावर आपलं पोट, ते आपणच कसं नासवायचं?

आता आमची मोठी फजिती ऐका. जहाजाचं अंग घासलं, राखाडी प्राइमर मारला, खालचा लाल रंग दिला. मग काळ्या रंगासाठी पट्टी सरळ यावी म्हणून मास्किंग टेप लावली. दुसऱ्या दिवशी टेप काढली, तर टेपेबरोबर सगळा रंग साल निघावी तसा निघून आला! चूक आमचीच होती. भाग साच्यातून सुटावा म्हणून साच्याला एक तेलकट थर लावलेला असतो. तो भागाला चिकटून येतो. रंगाआधी भांड्याच्या साबणाने, जुन्या दात घासायच्या ब्रशने तो धुऊन काढायचा असतो. जन्मभर भांडी घासणाऱ्या आम्ही 9 जणी, आणि नेमकं तेच विसरलो. 4 दिवसांचं काम पाण्यात गेलं. सगळं खरवडलं, धुतलं, पुन्हा सुरुवात केली.

रंगवताना आम्हाला प्रश्न पडायचा, जहाजाचं पोट लालच का? लेकीने विचारून आणलं. पाण्याखालच्या भागाला शेवाळ आणि कठीण कवचाचे जीव चिकटतात. आपल्या होड्यांनाही चिकटतात. मग जहाज जड होतं, डिझेल जास्त लागतं. ते चिकटू नयेत म्हणून रंगात तांब्याचं संयुग घालत आले आहेत, आणि ते लालसर असतं. तेव्हापासून लाल रंगाची चाल पडली. आता आम्ही किनाऱ्यावरून जहाज पाहतो तेव्हा ओळखतो. लाल पोट खूप दिसतंय, म्हणजे जहाज रिकामं. लाल दिसतच नाही, म्हणजे भरलेलं.

जहाजाच्या मध्यावर एक गोल आणि त्यातून आडवी रेघ काढायची होती. खऱ्या जहाजावर तो गोल 30 सेंटिमीटरचा असतो, आमच्या मॉडेलवर खसखशीच्या दाण्याएवढा. सुईच्या टोकाने काढला. त्याची गोष्ट मोठी आहे. पूर्वी इंग्लंडात मालक जहाजात वाट्टेल तेवढा माल भरायचे, जहाजं बुडायची, खलाशी मरायचे. सॅम्युएल प्लिमसोल नावाच्या खासदाराने त्यासाठी भांडण मांडलं आणि 1876 साली कायद्याने ही खूण सक्तीची झाली. माल भरताना पाणी त्या रेघेच्या वर येता कामा नये. एवढ्याशा रेघेने कितीतरी बायकांचं कुंकू राखलं असेल.

कंटेनर रंगवताना आम्हाला 2010 साल आठवलं. त्या वर्षी 7 ऑगस्टला मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया 3' ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. कंटेनर समुद्रात पडले, तेल सांडलं. गिऱ्हाईक मासळीला हात लावायला कचरत होतं. तेव्हा आम्ही जहाजांना शिव्याच दिल्या होत्या. आणि आज त्याच कंटेनरांना निळा, तांबडा, हिरवा रंग देत बसलो होतो.

आता मुख्य गोष्ट. आमच्यातल्या एकीच्या घरची डोल जाळी एका रात्री जहाजाने तोडून नेली. होडीवर तिचा मुलगा होता. तो सांगतो, जहाज सरळ अंगावर येत होतं, आम्ही बॅटऱ्या दाखवल्या, ओरडलो, पण ते वळलंच नाही. शेवटी जाळी सोडून होडी बाजूला काढली म्हणून वाचलो. नुकसान कुणी भरून दिलं नाही. त्या माउलीच्या मनात एकच होतं, त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

मॉडेल पुरं झालं त्या दिवशी तिनेच एक खेळ मांडला. काडीपेटीतली एक काडी घेतली, टोक मोडलं. आमच्या मापात ती झाली साधारण 50 फुटांची होडी. ती काडी जहाजाच्या नाळेपुढे, म्हणजे पुढच्या टोकासमोर ठेवली. मग मोबाइलचा कॅमेरा मागच्या बाजूला, कप्तान उभा राहतो त्या खिडकीच्या उंचीवर धरला. कॅमेऱ्यात कंटेनरच कंटेनर. काडी नाही. काडी एक वीत पुढे सरकवली, नाही. आणखी सरकवली, तरी नाही. बऱ्याच अंतराने तिचं टोक दिसलं.

मग कळलं की हे जगभर सगळ्यांना ठाऊक आहे. नियमच असा आहे की जहाजाच्या पुढचं जे पाणी कप्तानाला दिसत नाही, ते जहाजाच्या लांबीच्या दुपटीहून किंवा 500 मीटरहून, यांतलं जे कमी असेल त्याहून जास्त असू नये. म्हणजे 200 मीटरच्या जहाजापुढे 400 मीटर पाणी त्याला दिसलं नाही तरी ते नियमात बसतं! त्यात भरलेलं जहाज थांबायला किलोमीटरच्या किलोमीटर जातात. लाकडाची किंवा फायबरची होडी रडारवरही नीट उमटत नाही, लाटांत हरवते.

ती बाई बराच वेळ त्या काडीकडे बघत राहिली. म्हणाली, "म्हणजे माझं पोर त्याला दिसलंच नसेल." आमचा राग गेला असं नाही. पहारा ठेवणं जहाजाचं काम आहेच, आणि तोडलेल्या जाळीची भरपाई मागायलाच हवी. पण दिसणं हे आपल्याही हातात आहे, हे तेव्हा उमगलं.

त्या संध्याकाळी आम्ही घरच्या पुरुषांना बोलावून काडीचा खेळ दाखवला. तोंडी सांगून जे पटत नव्हतं, ते काडीने पटलं. मग ठरवलं. रात्री जाळी टाकून बसलेल्या होडीवर वर लाल आणि खाली पांढरा, चारही बाजूंनी दिसणारा दिवा हवाच. रडारवर उमटावं म्हणून रिफ्लेक्टर वर बांधायचा. वायरलेस सेट 16 नंबरच्या चॅनेलवर चालू ठेवायचा. जहाज लांब असतानाच सावध व्हायचं, नाळ जवळ येईपर्यंत थांबायचं नाही. आणि तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर घरातल्या भिंतीवरही लिहायचा, कारण होडी परतली नाही तर फोन बाईच करते.

पैशांचंही खरं सांगतो. पहिल्या कामात हाती फारसं उरलं नाही, फुकट गेलेलं सामान आणि वाया गेलेले दिवस आम्ही धरलेच नव्हते. दुसऱ्या कामाला वही घातली. सामान, प्रत्येकीचे तास, मास्क-मोजे, नासधूस, सगळं लिहिलं आणि मगच भाव सांगितला. तुमच्या गटाने मूर्ती, दागिने, खेळणी असं रेझिनचं काही घेतलं, तरी हीच रीत ठेवा. घरच्या बाईच्या तासाला मोल नाही, असं आपणच धरलं तर दुसरा कशाला देईल?

मॉडेल आता त्या संस्थेत आहे. उद्या जी मुलं मोठी जहाजं चालवतील, ती त्यावर शिकतात. देताना आम्ही ती काडीही एका छोट्या डबीत घालून दिली आणि सांगितलं, ही नाळेपुढे ठेवा आणि मुलांना विचारा, काय दिसतंय.

नारळी पौर्णिमेला आपण दर्याला नारळ देतो, आमचा माणूस सुखरूप आण म्हणतो. यंदा नारळ देण्याआधी होडीवरचा दिवा लागतो की नाही, तेवढं बघून घ्या. येतो मैत्रिणींनो. नमस्कार.