घर मिळालं, नाव राहिलं



आज मी तुम्हाला दक्षिण आफ्रिकेतल्या एका घराबद्दल सांगणार आहे. क्वाझुलू-नाताल प्रांतात पीटरमॅरिट्झबर्ग नावाचं शहर आहे. १८९३ मध्ये गांधीजींना आगगाडीतून उतरवलं, ते हेच शहर. त्याच्या कडेला एडनडेलच्या खोऱ्यात पत्र्याच्या छपराचं, चार खोल्यांचं हे घर आहे. त्यात सहा मुलं राहतात आणि पन्नाशी ओलांडलेली एक बाई. सहापैकी एकही मूल तिच्या पोटचं नाही. त्यांची नावं मी सांगणार नाही. मुलं त्या बाईंना 'मा' म्हणतात, मीही तसंच म्हणेन.

या मुलांचे आईबाप गेले कसे, ते आधी सांगते. काहींचे अपघातात, काहींचे क्षयानं गेले. पण त्या खोऱ्यातल्या पोरकेपणाचं सगळ्यात मोठं कारण एड्स हेच आहे. १९९० नंतर हा आजार तिथे झपाट्यानं पसरला. औषधं निघाली होती, पण एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर जायचा. त्यात राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांनी एचआयव्हीमुळे एड्स होतो यावरच शंका घेतली. जुलै २००० मध्ये डर्बनला जागतिक एड्स परिषद भरली. तिथे अकरा वर्षांचा न्कोसी जॉन्सन बोलला. तो जन्मतःच बाधित होता आणि त्याच्या आईचं निधन झालं होतं. आमचा स्वीकार करा, आम्हीही माणसंच आहोत, एवढंच त्याचं मागणं होतं. पुढच्या वर्षी १ जूनला तो गेला.

लढाईला तोंड फुटलं ते लोकांमधून. १९९८ मध्ये केप टाउनला 'ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन' ही चळवळ सुरू झाली. तिचे एक संस्थापक झॅकी अकमत हे केपच्या मुस्लिम कुटुंबातले. ते स्वतः बाधित होते. सरकारी दवाखान्यात सर्वांना औषध मिळत नाही तोवर मीही घेणार नाही, असा निर्धार त्यांनी काही वर्षं पाळला. फेब्रुवारी २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी किमतीत देऊ केला. २००२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं आदेश दिला की, आईकडून बाळाला लागण होऊ नये यासाठीचं औषध सरकारनं दिलंच पाहिजे. २००४ पासून सरकारी दवाखान्यांत उपचार सुरू झाले. आज बाधित आईचं बाळ निरोगी जन्माला येणं ही तिथे नेहमीची गोष्ट आहे. पण मधल्या काळात जे गेले ते गेले, आणि त्यांची मुलं मागे राहिली.

यातली बहुतेक मुलं आश्रमात गेली नाहीत. ती आजीकडे, मावशीकडे, आत्याकडे राहिली. झुलू भाषेत आजीला 'गोगो' म्हणतात. गोगोच्या सरकारी पेन्शनवर चार-पाच नातवंडं जगतात, अशी कितीतरी घरं त्या खोऱ्यात आहेत. काही ठिकाणी थोरलं भावंडच घर चालवतं. २००५ च्या तिथल्या बाल कायद्यानं अशा घरालाही मान्यता दिली आहे. सोळा वर्षांवरचं मूल घर सांभाळत असेल तर त्यावर देखरेखीला एक प्रौढ व्यक्ती नेमायची, अशी त्यात तरतूद आहे. ज्यांना गोगोही नाही आणि थोरलं भावंडही नाही, त्यांच्यासाठी 'मां'च्या घरासारखी घरं.

कायदा सांगतो की एका कुटुंबात साधारणपणे सहापेक्षा जास्त मुलं सोपवायची नाहीत. अपवाद भावंडांचा. भावंडं तोडू नयेत म्हणून हा आकडा वाढवता येतो. सातव्या मुलापासून घराचं वसतिगृह होऊ लागतं, असं तिथल्या समाजसेविकेनं मला सांगितलं. मुलामागे सरकारी अनुदान मिळतं, पण त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागतो आणि तो साधारण दोन वर्षांचा असतो. मुदत संपण्याआधी समाजसेविकेनं अहवाल द्यायचा, मग मुदतवाढ. समाजसेविका कमी आणि फायली जास्त, हे दुखणं तिकडेही आहे. 'मा' भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक मुलाच्या आदेशाची तारीख लाल शाईनं लिहून ठेवतात. सगळ्यात थोरला मुलगा अठराचा होत आला होता. शिक्षण चालू असेल तर एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला त्या घरात राहता येतं. त्याच्या अर्जासाठी 'मा' त्या आठवड्यात दोनदा शहरात जाऊन आल्या होत्या.

मी गेले तेव्हा तिथला हिवाळा होता, म्हणजे आपला जुलै. संध्याकाळी चुलीवर मक्याचं 'फुथू' शिजत होतं, सोबत घेवड्याची उसळ. एक मुलगी उद्याचा शाळेचा शर्ट धूत होती. धाकटे दोघे रेडिओवरून भांडत होते आणि 'मा' त्यांना ओरडत होत्या. मी पाहुणी आले म्हणून कोणाला ओळीत उभं केलं नाही की कोणाकडून गाणं म्हणवून घेतलं नाही. थोड्या वेळानं मलाच शेंगा निवडायला बसवलं.

आता मुद्द्यावर येते. त्या घरात कपाटावर सहा पेट्या ठेवलेल्या आहेत, प्रत्येक मुलाची एक. पेटीत जन्मदाखला, आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, लसीकरणाची वही, शाळेची प्रगतिपुस्तकं. त्याशिवाय आईचा रुमाल, एखादा फोटो, वडिलांचं खाणीतलं ओळखपत्र आणि नातेवाइकांकडून ऐकून लिहून घेतलेली घरची हकिगत. अशा 'आठवणींच्या पेट्या' करण्याचं काम पीटरमॅरिट्झबर्गच्याच विद्यापीठातल्या 'सिनोमलांडो' या केंद्रानं पुष्कळ वर्षं केलं आहे. सिनोमलांडो म्हणजे 'आम्हाला इतिहास आहे'.

झुलू लोकांत प्रत्येक कुळाची बिरुदावली असते. त्यात पूर्वजांची नावं गुंफलेली असतात. 'मां'च्या घरात सहा मुलांची चार आडनावं आहेत. मुलाच्या वाढदिवसाला 'मा' त्याच्या कुळाची बिरुदावली म्हणतात, स्वतःच्या कुळाची नव्हे. दोन कुळांची त्यांना येत नव्हती, ती त्यांनी गावात जाऊन म्हाताऱ्यांकडून शिकून घेतली. मूल रिकाम्या हातानं आलेलं नाही, स्वतःचं नाव घेऊन आलं आहे, ते काढून घेणारी मी कोण, असं त्यांचं म्हणणं.

हे ऐकताना मला आपल्याकडची एक जुनी चर्चा आठवली. मुस्लिम दांपत्यानं मूल दत्तक घ्यायचं म्हटलं की उत्तर मिळतं, 'इस्लाममध्ये दत्तक नाही.' त्यासाठी सूरह अल-अहजाबचा आधार दिला जातो. पैगंबरांनी जैद यांना पुत्र मानलं होतं. अशा मुलांना त्यांच्या खऱ्या पित्याच्या नावानं हाक मारा, असा आदेश त्या सूरहमध्ये आला. पण हा आदेश नक्की कशाला मनाई करतो? मुलाचं नाव पुसायला. घर द्यायला, जेवू घालायला, शिकवायला, माया करायला त्यात कुठेही मनाई नाही. उलट कुरआनमध्ये अनाथांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो आणि त्यांची मालमत्ता हडप करणाऱ्यांना कडक इशारे दिलेले आहेत. पैगंबर स्वतः पोरके वाढले. अनाथाची जबाबदारी घेणं, याला 'कफाला' असा शब्दच आहे. १९८९ च्या बालहक्क करारात दत्तकाच्या शेजारी 'कफाला'चंही नाव आहे.

म्हणजे जो मुद्दा आपल्याकडे दार बंद करायला वापरला जातो, तोच त्या घरात दार उघडं ठेवून पाळला जातो. 'मा' मुस्लिम नाहीत, रविवारी चर्चला जातात. पण नाव राखून घर देणं त्या रोज करतात.

आपल्याकडे यतीमखान्यांना वर्गणी भरपूर मिळते. देणाऱ्यांच्या हेतूवर माझी शंका नाही. पण मुलगा यतीमखान्यात आणि त्याची बहीण चुलत्याकडे, अशी ताटातूट आपण सहज मान्य करतो. पन्नास मुलांना रांगेत उभं करून दुआ मागायला लावतो आणि त्याला पुण्य म्हणतो. तेवढ्याच पैशात किती मावश्या, किती आज्या आपल्या भाच्या-नातवंडांना घरातच सांभाळू शकतील, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

कायदा आता अडथळा राहिलेला नाही. १९७२ च्या दत्तक विधेयकाला आपल्याच पुढाऱ्यांनी विरोध केला आणि ते बारगळलं. पण फेब्रुवारी २०१४ मध्ये शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला मूल दत्तक घेता येतं. सक्ती कोणावर नाही. ज्यांना दत्तकाबद्दल मनातून संकोच आहे त्यांच्यासाठी २०१५ च्या कायद्यात प्रतिपालकत्वाची सोय आहे. नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारची बालसंगोपन योजना आहे. कोविडनंतर तिचे अर्ज भरताना किती जणींची कागदपत्रं अपुरी निघाली, ते इथले कार्यकर्ते जाणतात.

म्हणून माझी विनंती मोठी नाही. आपापल्या मोहल्ल्यात आईबापांविना वाढणारी मुलं किती आणि ती कोणाकडे आहेत, याची यादी करू या. प्रत्येक मुलाची एक फाईल करू या: जन्मदाखला, मृत्यूचे दाखले, आधार, बँकेचं पासबुक, वडिलांच्या घराजमिनीचे कागद. शक्य असेल तिथे आईचा एखादा फोटोही ठेवू या. जकातीचा काही भाग त्या मुलाला सांभाळणाऱ्या बाईच्या हातात दरमहा जाईल, असं पाहू या. आणि ज्या जोडप्याला मूल घरी आणायचं आहे त्याला 'धर्मात बसत नाही' म्हणून परत पाठवू नका. जिल्हा बाल संरक्षण कक्षापर्यंत त्याच्याबरोबर चालत जा.