कर्करोगाशी झुंजणारी मुले आणि निष्प्रभ होणारी औषधे



लहान मुलाला रक्ताचा कर्करोग झाला असे कळले की आजही घरातील मंडळी आशा सोडून बसतात. वस्तुस्थिती निराळी आहे. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग, म्हणजे तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, प्रगत देशांत दहापैकी सुमारे नऊ मुलांमध्ये बरा होतो. आपल्याकडेही असंख्य मुले बरी होऊन शाळेत जाऊ लागली आहेत. मग जी जातात, ती कशाने? काहींचा रोग उलटतो, हे खरे. परंतु अनेक मुले कर्करोगाने नव्हे, तर उपचार सुरू असताना रक्तात शिरलेल्या जंतूंमुळे दगावतात.

केमोथेरपी वेगाने वाढणाऱ्या पेशींना मारते; आपले-परके तिला कळत नाही. अस्थिमज्जा दडपली जाते आणि जंतूंना गिळणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी एका घन मिलिमीटरमागे ५०० च्याही खाली जातात. त्याच वेळी तोंडाचे व आतड्याचे अस्तर सोलवटून निघते. ई. कोलाय, क्लेबसिएला हे जंतू एरवी आतड्यात मुकाट राहणारे. तट ढासळला की तेच रक्तात उतरतात. औषधांसाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी हा दुसरा दरवाजा. आणि गंमत पाहा – गंमत कसली, क्रूर थट्टाच – पू होण्यासाठीसुद्धा पांढऱ्या पेशी लागतात. त्यामुळे या मुलांत ना गळू, ना सूज. बहुतेक वेळा ताप ही एकच खूण.

म्हणून अशा मुलाला ताप आला की रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू करावे लागते. रक्ताचा नमुना तपासणीस जातो. पण जंतू कोणता आणि कोणत्या औषधाला दाद देतो, हे कळायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर डॉक्टर अनुमानावर चालतो. जंतूने त्या औषधाला दाद दिली नाही, तर ते दोन दिवस मुलाच्या आयुष्यातून वजा होतात.

यासाठी राखून ठेवलेले मेरोपेनेमसारखे औषधही आता अनेकदा चालत नाही. त्याला निकामी करणाऱ्या एका विकराला २००९ साली ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’ असे नाव दिले गेले. २०१० मध्ये त्या नावावरून देशात मोठा क्षोभ उसळला. नाव अनुचित होते, हे माझेही मत. परंतु नावावर जेवढे बोललो, त्याच्या निम्मेही आपण जंतूवर बोललो नाही. मेरोपेनेम हरले की कोलिस्टिन उरते. मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून एके काळी मागे पडलेले हे औषध कोंबड्यांच्या खाद्यात मात्र सर्रास मिसळले जाई. जुलै २०१९ मध्ये शासनाने त्यावर बंदी घातली.

हे जंतू येतात कोठून? काही रुग्णालयातच, न धुतलेल्या हातांवरून. काही सांडपाण्यातून. आणि काही तुमच्या-माझ्या घरातून. सर्दी-पडसे, मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंचे असतात. तेथे प्रतिजैविकाचा उपयोग शून्य. तरीही आपण औषधविक्रेत्याकडे जाऊन ‘जरा कडक गोळी द्या’ म्हणतो. (आमच्या व्यवसायातील मंडळीही रुग्ण दुसरीकडे जाईल या भीतीने ती लिहून देतात, दोष एकट्या रुग्णाचा नाही.) निवडक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने वेगळी ठेवावी, असा नियम २०१४ पासून आहे. आपल्यापैकी किती जणांना कोणी चिठ्ठी मागितली?

पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात एक काल्पनिक गृहस्थ रंगवला होता. तो घशासाठी अपुरे पेनिसिलिन घेतो; त्याच्यातील निर्ढावलेले जंतू पत्नीला लागतात आणि ती दगावते. गोळी एकाने घ्यायची, किंमत दुसऱ्याने मोजायची.

आता एक व्यावहारिक गोष्ट. उपचारासाठी मुंबईत आलेली कुटुंबे परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्ण सेवा सदनात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. पुढे दोन उपचारांच्या मध्ये काही गावी परततात, आणि ताप बहुधा रात्रीच चढतो. आपल्या वस्तीत असे मूल असेल तर त्या घरी तापमापी आहे का, ते पाहा. ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला, तर तो उतरवण्याची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये, हे आईला समजावून सांगा. आणि रात्री दोन वाजता गाडी कोण काढणार, त्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक त्या घराच्या भिंतीवर आजच लिहून या.