घाटावरील वही



मणिकर्णिकेवर वडिलांना अग्नी दिला, त्या दिवशी अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेल्या त्या घाटावर एक कलाविद्यार्थी वहीत रेखाटत बसला होता. मी त्यास कठोर शब्दांत हाकलले.

पुढे शेजाऱ्यांच्या आग्रहास्तव हिंदू विश्वविद्यालयाच्या दृश्यकला संकायातील एका खुल्या व्याख्यानास गेलो. तेथे कळले, की १९६० साली रामकुमार आणि आपल्या पंढरपुरात जन्मलेले हुसेन काशीत रेखाटने करीत हिंडले होते. त्यानंतर रामकुमारांच्या चित्रांतून माणसे हळूहळू नाहीशी झाली. उरली ती घरे, पायऱ्या, पाणी. पडद्यावरील त्या रिकाम्या घाटात मला वडील दिसले.

अशा व्याख्यानांस मुलांना अवश्य न्यावे. आणि तो विद्यार्थी कोणास भेटलाच, तर माझी क्षमायाचना त्याच्या कानी घालावी.